ती ‘येतंय’ म्हणाली तेव्हा

बाबा, काल दादरला एक सिनेमा बघून आले. एकटीच गेले होते. हल्ली सगळीकडे एकटीच जाते, सोबत यायला उरलंय कोण? तिकीटही नव्हतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “फुकट रडूक इतक्या लांब गेलंस?” एका तरुण पोरीने काढलाय, आपल्या लालबागवर. चीनशी लढाई चालू होती त्या वर्षी इथल्या चिनी कुटुंबांचं काय झालं, ते तिने हुडकून काढलंय. आपल्या चाळीतली उरलीसुरली म्हातारी माणसं गाठून तिने एकेकाला विचारलं, तो दातांचा चिनी डॉक्टर, त्याची बायको, मुलगी, कुठे गेली ती माणसं? जो तो म्हणतो, “गावी गेले.” एकामागून एक, सगळे तेच. हॉलमध्ये हशा पिकला. चिनी माणसाला कसलं आलंय कोकणात गाव! मला नाही हसू आलं. तुम्हीच सांगितलं होतंत मला, जेवताना, ताटातून मान वर न करता, “गावाक गेली ती. आता इचारू नको.” आणि मी वेडी मे महिना सरेपर्यंत वाट बघत होते, गावाहून येताना डॉक्टरची मुलगी, माझी मैत्रीण, माझ्यासाठी फणसाचं साट आणेल म्हणून.

मग ती स्वतःच आली हो पडद्यावर! केस पांढरे झालेत, परदेशातल्या कुठल्याशा स्वयंपाकघरात बसलीय, आणि बोलतेय आपली मालवणी. माझ्या आईसोबत तांदूळ निवडता निवडता शिकलेली, अजून विसरली नाही. पोलीस न्यायला आले ती सकाळ सांगत होती. म्हणाली, “खाली उतरताना मी काकीच्या दारासमोर उभी रवलंय. ‘येतंय हां’ म्हटलंय. आतसून कोणी ‘ये गो’ म्हणूक नाय.”

मी म्हणणार होते, बाबा. माझ्या तोंडावर तुमचा हात आहे. हाताला गिरणीतल्या तेलाचा वास येतोय. आई आमच्याकडे पाठ करून उभी आहे. बाहेर ती थांबलीय, मला तिच्या चपला फटीतून दिसतायत. आपल्याकडे भांडून निघालेल्या पाहुण्यालासुद्धा ‘ये’ म्हटल्याशिवाय कोणी जाऊ देत नसे. आणि ती तर दोन वेळा आपल्याकडे जेवणारी पोर! तिच्या बापाने बसवलेला पुढचा दात होता तुमच्या तोंडात. काल इतका संताप आला तुमचा! गिरणीच्या गेटवर मुकादमाशी दोन हात करणारे तुम्ही, आणि दाराची कडी काढवली नाही? पोलीस आपल्यालाही नेतील, नोकरी जाईल, ही भीती कळते मला, आता तर जास्तच कळते. पण एकदा तरी जवळ बसवून सांगायचं होतंत. मरेपर्यंत चकार शब्द काढला नाहीत. आता हे पत्र लिहून तरी काय, कुठल्या पत्त्यावर टाकू?

सिनेमा संपल्यावर त्या सिनेमावाल्या पोरीकडून तिचा परदेशातला नंबर घेतला आणि आज सकाळी फोन लावला. आधी दोघी नुसत्याच रडलो. मग आईची विचारपूस झाली, तिच्या आईवडिलांची झाली, सगळी गेलीच आहेत. आणि मग तिने विचारलं, “काका घरात होते काय गो त्या दिवशी?”

खरं सांगायचं ठरवूनच फोन केला होता. देवाशप्पथ.

“नाय गो,” मी म्हणाले, “बाबा पैल्या पाळीक गेलेले.”

ती म्हणाली, “माका ठावकच होता. ते असते तर भायर इले असते.”

ते ऐकून बरं वाटलं, बाबा. खोटं आहे हे माहीत असून, फार बरं वाटलं.