दंडावरची पट्टी आणि अडलेला काटा

रत्नागिरी,
१२ जानेवारी २००८

माझे जिवाभावाचे दोस्त, दर्यावरच्या नोकरीत मला वडीलभावासारखे आणि एवढी वर्षं माझ्या हातचं खाऊनही अजून धडधाकट असलेले श्री. आत्माराम सारंग यांना गुलाम रसूलचा मनापासून सलाम. (हा आदर एवढ्या ओळीपुरताच. पुढे मी तुला नेहमीप्रमाणे अरेतुरेच करणार आहे.)

तुझा गुडघा कसा आहे? लांज्याला यंदा थंडी बरीच आहे असं एसटीतल्या माणसाकडून कळलं, म्हणजे सकाळी तुझी जिन्यावर पंचाईत होत असेल. वहिनींना माझा नमस्कार सांग. आमच्याकडे शरीफा, झारा दोघी खुशाल. मीही खुशाल आहे, आणि जरा जास्तच खुशाल आहे, तोच तर आजार आहे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. झारा कॉम्प्युटरवर नेट लावते तेव्हा फोन बंद पडतो, आणि ती दिवसभर नेट लावते. शिवाय शाळेत निबंधाचं बक्षीस मला मिळालं होतं, ते वाया का घालवा?

तर हकिकत अशी. जूनमध्ये मुंबईला कंपनीच्या डॉक्टरने माझी तपासणी केली हे तुला माहीत आहे. काय झालं ते मात्र मी तुला धड सांगितलं नव्हतं. डोळे बघितले, कान बघितले, छातीचा फोटो काढला, सगळं ठणठणीत. मग त्याने काट्यावर उभं केलं आणि वाकून आकडा बघितला. मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा आकडा बघितला आणि मला बूट काढायला सांगितले. मी बूट काढले. मग म्हणाला, पाकीटही काढा. तेही काढलं. आणखी काय काढायला लावतो या भीतीने मी पट्ट्याला हात घातला, तर म्हणाला, "राहू द्या चाचा, त्याने काही होणार नाही." एकशे सहा किलो! पंच्याण्णवच्या आत आलात तरच सर्टिफिकेट, नाहीतर जहाज विसरा. मी त्याला समजावलं की चीफ कुक बारीक असला तर खलाशांचा जेवणावरचा विश्वास उडतो. त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आल्यावर मी ठरवलं की हे करून दाखवायचंच. सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला जाऊ लागलो. (पहिल्या दिवशी पुलापर्यंत गेलो आणि रिक्षाने परत आलो. तो दिवस धरू नकोस.) भात बंद केला, तळलेला बांगडा बंद केला, चहातली साखर बंद केली. आणि खरंच सांगतो, काटा खाली येऊ लागला. पावसाळा सरेपर्यंत आठ किलो गेले. विजारी ढिल्या झाल्या, मोहल्ल्यातले लोक तब्येत बरी आहे ना म्हणून हळू आवाजात विचारू लागले, आणि मला वाटलं आता दिवाळीपर्यंत जहाजावर. पण अठ्ठ्याण्णववर काटा जो अडला तो अडलाच. रमजान आला. रोजे आहेत, आता तरी उतरेल म्हटलं, पण दिवसभर जे वाचवलं ते सूर्य बुडून मगरिबची अजान झाल्यावर मी प्रामाणिकपणे परत केलं असावं. ईद झाली तरी अठ्ठ्याण्णव.

हे सगळं मी माझा भाचा फहाद याला फोनवर सांगितलं. फहाद दुबईला असतो आणि प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे एखादं यंत्र असतं. त्याने अमेरिकेहून आलेल्या कुणा मित्राकडून एक पट्टी मिळवली आणि इकडे येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिली. ही पट्टी दंडावर बांधायची. आतून तिला चकचकीत पत्र्याचे तुकडे आहेत, ते कातडीला टेकतात. तिला म्हणे तुमची हालचाल कळते, अंगाची गरमी कळते, घाम कळतो, आणि त्यावरून तुम्ही दिवसात किती कॅलरी जाळल्या ते ती सांगते. काय खाल्लं ते मात्र आपण कॉम्प्युटरवर भरायचं. जाळलं जास्त आणि खाल्लं कमी, की वजन उतरलंच पाहिजे, असा तिचा हिशेब.

पट्टी बांधून मी पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा आमच्या गल्लीतल्या बुजुर्ग खाला हा तावीज कुठल्या बाबांकडचा म्हणून विचारत दारापर्यंत आल्या. मासळीवाली यमुनाबाई भर बाजारात ओरडली, "काय ओ चाचा, हात मोडला काय?" मी तिला घाम, गरमी, कॅलरी सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे आज सुरमय नको?" (सुरमई मी घेतली. घरच्यांसाठी.)

संध्याकाळी झारा माझ्या दंडावरची पट्टी सोडवून कॉम्प्युटरला जोडायची आणि मग खाण्याची उलटतपासणी सुरू व्हायची. त्या अमेरिकन यादीत आपलं काहीच नाही रे! घावन नाही, सांदण नाही, तिसऱ्यांची शिंपली नाहीत. घावन म्हणून झाराने पॅनकेक लिहिलं, तर यंत्राने त्यावर आपणहून कसलासा पाक ओतला आणि कॅलरी दुप्पट केल्या. सोलकढीचं टोमॅटो सूप झालं. तिसऱ्यांच्या जागी काय लिहिलं ते ती मला सांगेना. पण एवढा अन्याय होऊनसुद्धा रोजचा निकाल माझ्याच बाजूने लागायचा. खाल्लं थोडं, जाळलं ढीगभर. यंत्राच्या मते मी दर आठवड्याला किलोभर तरी उतरत होतो, आणि काट्याच्या मते जागचा हललो नव्हतो.

साहजिकच मी काट्यावर संशय घेतला. आमचा काटा जुना आहे, खारी हवा लागते. म्हणून स्टेशनवरच्या लाल दिव्यांच्या मशीनवर चढलो. अठ्ठ्याण्णव, आणि तिकिटामागे छापलेलं की तुमचा स्वभाव त्यागी आहे. पालीला कामानिमित्त गेलो होतो, तिथे तांदळाच्या व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर पोत्यांच्या मध्ये उभा राहिलो. हमालांनी मला दोन्ही बाजूंनी नीट बघून घेतलं, उचलायची वेळ आली तर अंदाज असावा म्हणून. तिथेही अठ्ठ्याण्णव. जिल्ह्यातले सगळे काटे माझ्या विरोधात एक झालेले!

शेवटी भानगड झाराने पकडली. ती म्हणाली, "अब्बा, रोज साडेअकराच्या सुमाराला तुम्ही कुठे धावता?" मी म्हटलं, मी कशाला धावतोय. तर तिने पडद्यावरची रेघ दाखवली. रोज दुपारच्या आधी ती माडावर चढल्यासारखी वर जात होती. दोघं विचार करत बसलो. आणि शरीफा दारातून म्हणाली, "तेव्हा ते चुलीपुढे असतात."

झालं होतं असं, की पथ्याचं जेवण मला मनासारखं मिळेना म्हणून स्वयंपाकघर मीच ताब्यात घेतलं होतं. स्वतःसाठी उकडलेलं काहीतरी, आणि त्या दोघींसाठी, आता हात शिवशिवतात त्याला काय करू, कोलंबीचा पुलाव, बांगड्याचं सुकं, खीर. दोन शेगड्यांच्या मध्ये घामाघूम उभा राहून मी परतत होतो आणि ती पट्टी बिचारी समजत होती की चाचा धावतायत.

इथवर माझी अब्रू बरीचशी शाबूत होती. पण शरीफाने दुसऱ्या दिवशी शेगडीजवळ एक रिकामा वाडगा आणून ठेवला. म्हणाली, "तुम्ही चव बघता ना, बघा. पण जेवढं तोंडात टाकाल तेवढंच यातही टाका." मी हसलो. चव म्हणजे काय, पळीच्या टोकाला लागेल तेवढं! मीठ बघितलं, आंबट बघितलं, कोलंबी शिजली का बघितली, दुसरी शिजली का तेही बघितलं, पुलाव तळाला लागला का म्हणून खालून बघितला, खिरीचा गोडवा गरम असताना आणि निवल्यावर वेगळा लागतो म्हणून दोनदा बघितला. बाराच्या सुमाराला वाडगा शिगोशीग भरला होता. शरीफाने तो झारापुढे ठेवला. पोरीने निम्मा खाल्ला आणि हात धुऊन म्हणाली, आता जेवायला नको.

त्या दिवसापासून मला स्वयंपाकघर बंद. कप्तानाला कुणी सुकाणूच्या खोलीत पाय ठेवू नको म्हटल्यासारखं आहे ते. पडवीत बसून मी फोडणीचे आवाज ऐकतो आणि ती उशिरा पडली की तळमळतो. संध्याकाळी शरीफा माझ्याबरोबर भाट्याला चालायला येते, कारण मी एकटा गेलो तर भजीच्या गाडीपाशीच चालणं संपेल असं तिचं म्हणणं. सुरूच्या झाडांपर्यंत जाऊन वाळूत बसतो. ती काहीबाही सांगत असते. विहीर आटली तेव्हा तुम्ही कुठे होतात? मी म्हणतो, ब्राझील. झारा पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा? सिंगापूर. वादळात कौलं उडाली तेव्हा? रॉटरडॅम. परवा हसत म्हणाली, "तुमच्याशी संसाराच्या गोष्टी करायच्या म्हणजे भूगोलाचा तास होतो." मीही हसलो, पण पट्टीने तेव्हा काय नोंदलं असेल कोण जाणे.

असो. बंदीचा फायदा झाला, दोन किलो उतरले. आता शहाण्णव. एकच किलो राहिला, आणि काटा पुन्हा अडला! पंधरा दिवस झाले, हलायला तयार नाही. खाणं मोजकं, चव बघणं बंद, चालणं रोजचं, आणि शहाण्णव म्हणजे शहाण्णव. महिनाअखेरीला तपासणीची तारीख आहे. फहाद म्हणतो पट्टीचा सेल बदला. झारा म्हणते थायरॉइड बघा. मला वाटतं हाडंच जड असावीत. तू पुढच्या आठवड्यात कंपनीत हजेरी द्यायला मुंबईला जाशील, तेव्हा त्या डॉक्टरच्या काट्यावर एकदा स्वतः चढून बघ, तो किलो-दीड किलो सैल निघतो का. तेवढीच आता आशा.

सगळ्यांना यथायोग्य. गुडघ्याला जप.

तुझा,
गुलाम रसूल

ता. क. काट्यावर चढायची गरज नाही. वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण झारा मागे उभी होती म्हणून शेवटचं लिहिता आलं नाही. आता ती कॉलेजला गेली. काटा शहाण्णववर का अडलाय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. शरीफा मला दुधीची भाजी पाण्यात शिजवली म्हणून वाढते, आणि तिच्यात नारळाचं जाड दूध असतं. भाकरीच्या पापुद्र्याखाली तूप असतं. ताक म्हणून देते त्यात साय घुसळलेली असते. कुणी चिमूटभर साखर जास्त टाकली तर डोळे मिटून सांगणारा माणूस मी, मला कळणार नाही? पहिल्या घासालाच कळलं. मी एवढंच म्हटलं, "आज दुधी छान झालाय." तिने मान वर न करता सांगितलं, "कोवळा होता." तेवढ्यावर मी आणखी वाढून घेतला.

ता. क. २. म्हणून खरं काम हे. मुंबईला गेलास की ऑफिसात सांग, गुलाम रसूलचं वजन काही उतरत नाही, त्याची वाट बघू नका, चीफ कुक म्हणून दुसरा माणूस घ्या. मला मग तसं रीतसर पत्र येऊ दे. मी चार दिवस तोंड पाडून बसेन, डॉक्टरला शिव्या देईन, आणि शरीफा माझी समजूत घालेल. ते तिला छान जमेल.

ता. क. ३. वहिनींना यातलं अक्षरही सांगू नकोस. त्या आणि शरीफा दर रविवारी फोनवर बोलतात. नारळाच्या दुधाची युक्ती मुळात कुणाची, याबद्दल मला दाट संशय आहे. तेव्हा तुझ्या ताटातली दुधीची भाजीही जरा नीट चाखून बघ.