डॉक्टरांपुढे केलेली तारीफ

मंगळवार, १८ नोव्हेंबर. डोंबिवली

आज सुभाषला नौपाड्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. हा माझा मेहुणा, फौजेतून हवालदार होऊन परतला तो अर्धशिशी घेऊनच. डिसेबिलिटी पेन्शनच्या अर्जाला डॉक्टरांचा दाखला हवा. माझ्याच वर्कशॉपचं स्टोअर सांभाळतो, म्हणून डॉक्टरांनी मलाच विचारलं, "डोकं दुखायला लागलं की ह्यांना काम जमतं का?"

आणि मी काय बोलावं? "अहो, फौजी गडी आहे. डोकं फुटायची वेळ आली तरी सुट्टी घेत नाही." बायकोच्या भावाची चारचौघांत तारीफ करायची सवय, दुसरं काय. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. एवढ्या धडधाकट माणसाला पेन्शन कोण देणार?

बाहेर आल्यावर सुभाष म्हणाला, "दाजी, माझं स्थळ दाखवायला आलेलो का आपण?" आणि हसला. मीही हसलो, निर्लज्जासारखा.

मशीनचं बेअरिंग बिघडलं की मला ऑफिसात बसून आवाजावरून कळतं. मग डोकं उठलं की सुभाष स्टोअरचं शटर अर्धं खाली ओढतो, ते ऐकू येत नाही? येतं की. मागोमाग उलटीचा आवाजही येतो. मग तो काळोखात बसून राहतो.

उद्या पुन्हा जायचं आणि डॉक्टरांना ते शटर सांगायचं. पण ते विचारणारच, शटर खाली आल्यावर तुम्ही काय करता?

ग्राइंडर चालू ठेवतो. ऑर्डर असते ना. हेही सांगावं लागेल, आणि तेही सुभाषसमोर.