वसुधाच्या टाकीची आणि तिची व्यवस्था

मी, नंदकुमार यशवंत आठल्ये, वय वर्षे ७४, राहणार नाहूर, मुलुंड पश्चिम, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. यापूर्वी असे काही लिहिलेले नाही. कोणी लिहायला सांगितलेलेही नाही, माझी मुलगी स्वरदा तर फोनवर "बाबा, आत्ताच कशाला?" असेच म्हणाली. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. तेजल पेडणेकर यांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसे मात्र शाबूत नाहीत. ती आतून कडक होत चालली आहेत आणि त्यावर उपाय नाही, असे मला गेल्या वर्षी मार्चमध्ये सांगण्यात आले. माझी पत्नी वसुधा, वय ७१, हिला विस्मरणाचा आजार आहे. दोघांत आधी मी जाणार हे आता जवळपास ठरले आहे. म्हणून हा कागद.

कलम १. राहता ब्लॉक आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा मी स्वरदाला देतो. "वसुधा हयात असेपर्यंत तिला या घरातून हलवू नये" असे पहिल्या मसुद्यात लिहिले होते. ते मी खोडले. स्वरदा बंगळुरूला असते. तिची नोकरी, तिच्या दोन मुली तिकडे. ती आईला तिकडे नेईल, किंवा एखाद्या संस्थेत ठेवेल. मी अट घातली तरी ती पाळून घ्यायला मी असणार नाही. एवढेच मागतो: वसुधाला जिथे ठेवाल तिथे तिची गोगलगाईंची काचेची टाकी तिच्या नजरेसमोर ठेवा.

कलम २. बँकेतल्या ठेवींचा तपशील मागच्या पानावर आहे. त्या आधी वसुधाच्या औषधपाण्यासाठी व शुश्रूषेसाठी वापराव्यात. उरेल ते स्वरदाचे. मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

कलम ३. टाकी. ही वसुधाची आहे, त्यामुळे ती कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. फक्त कशी सांभाळायची ते लिहितो, कारण ज्या वहीत वसुधाने हे लिहिले होते ती वही तिने कुठे ठेवली ते तिला आठवत नाही व मला सापडत नाही.

वसुधा भांडुपच्या शाळेत एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवत होती. मुलांना दाखवायला म्हणून तिने काचेच्या बरणीत दोन गोगलगाई आणल्या. महिन्याभरात त्यांचे शंख टोकाकडून पांढरे पडले, खड्डे पडले. मला वाटले, रोग. ती म्हणाली, "रोग नाही हो. आपलं नळाचं पाणी तलावाचं, फार मऊ. त्यात कॅल्शियम नाही. त्यांना बाहेरून द्यायला हवं."

तेव्हापासून आम्ही वर्षातून एकदा मढच्या समुद्रकिनारी जायचो. वाळूत पांढरी, हलकी, बोटीच्या आकाराची हाडे पडलेली असतात. लोक त्याला समुद्रफेस म्हणतात. ते माकूळ या समुद्री प्राण्याच्या पाठीतले हाड. ते आणून दहा मिनिटे उकळावे, वाळवावे, आणि बोटभर तुकडा टाकीत सोडावा. आधी तरंगतो, मग बुडतो. गोगलगाई त्यावर चढून खरवडत बसतात. ते नसेल तर अंड्याची कवचे आतला पापुद्रा काढून, धुऊन, जाळीच्या पिशवीत घालून ठेवावीत. आमच्या घरात अंडे कधी शिजले नाही, पण कवचे आणायला मी स्टेशनबाहेरच्या ऑम्लेटच्या गाडीवर वीस वर्षे गेलो. गाडीवाला विचारायचा, "काका, खाता कधी?"

टाकीतल्या बारीक लाल कोळंबीलाही हेच कॅल्शियम लागते. ती वाढताना कात टाकते. टाकलेली कात काढून फेकू नये, ती स्वतःच खाते. कात टाकल्यावर अंग मऊ असते, म्हणून ती एक-दोन दिवस झाडांत लपून बसते. माशांची औषधे टाकीत घालू नयेत. त्यांत तांबे असते, ते कोळंबीला विष.

कलम ४. स्वरदाला मी सांगितले होते की टाकीतली कोळंबी वीज गेल्याने मेली. ते खोटे होते.

मार्चमधल्या त्या सकाळी मला तपासणीचा अहवाल आणायला मुलुंडला जायचे होते. वसुधाला सांभाळणारी माधुरी त्या दिवशी सुट्टीवर होती. वसुधा शांत होती, पेपर हातात होता. तासाभरात येतो म्हणून बाहेरून कुलूप लावले. दवाखान्यात दीड तास गेला. डॉक्टरांनी समजावून सांगितले, मी मान हलवली, रिक्षाने घरी आलो.

टाकी दुधासारखी पांढरी झाली होती. वसुधा बाही कोपरापर्यंत ओली करून समोर उभी होती आणि खूश होती. म्हणाली, "अहो, बघा, त्यांना कॅल्शियम दिलं."

माझा भाऊ राजेश तंबाखू खातो. त्याची चुन्याची मोठी डबी टेबलावर राहिली होती. तिने ती सगळी टाकीत रिकामी केली होती. शंखाला चुना लागतो हे तिच्या डोक्यात पक्के होते. समुद्रफेस हळूहळू विरघळतो आणि हा चुना एका दमात पाणी जहाल करतो, एवढेच सुटले. साठएक कोळंब्या तळाशी आडव्या, शिजल्यासारख्या गुलाबी. नऊ गोगलगाईंनी शंखाच्या तोंडाची झाकणे आत ओढून घेतली होती. बादल्यांनी पाणी बदलताना मला धाप लागत होती. गोगलगाईंपैकी पाच जगल्या.

ती विचारू लागली, "कोळंबी कुठे गेली?"

मी म्हटले, "कात टाकायला लपलीय गं."

"हां," म्हणाली, "मग त्रास नका देऊ."

हे मी दिवसातून आठ-दहा वेळा सांगत आलो. दोनदा नवी कोळंबी आणून सोडली, दोन्ही वेळा घाई केली, दोन्ही वेळा मेली. तिसऱ्यांदा पाणी निवळू दिले; आता अकरा आहेत. वसुधा काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघते आणि म्हणते, "ह्या आपल्या नाहीत. आपल्या कुठेत?" म्हणून उत्तर तेच चालू ठेवले आहे. पुढे जो कोणी तिच्याजवळ असेल त्याने तेच द्यावे.

कलम ५. राजेशला मी काही देत नाही. खरे काय झाले ते त्याला मी सांगितले होते. यंदा गणपतीत स्वरदा सोडून सगळे जमले असताना वसुधाने कोळंबीचे विचारले, तेव्हा तो हसत म्हणाला, "वहिनी, तुम्हीच तर मारलीत सगळी." ती दुपारभर रडली. संध्याकाळी का रडते आहे हे ती विसरली, रडणे थांबले नाही. त्याची डबी मी धुऊन ठेवली आहे, ती त्याने न्यावी. स्वरदाने मात्र काकाशी अबोला धरू नये. डबी टेबलावर आहे हे मी घरातून निघताना पाहिले होते, आणि उचलली नव्हती.

कलम ६. मी ज्या उपकरणांनी चाळीस वर्षे कारखान्याचे नकाशे काढले, त्यांची पेटी व माझे टेबल माधुरीला द्यावे. तिची मुलगी आयटीआयला ड्राफ्ट्समनचाच कोर्स करते आहे. माधुरी वसुधाची विद्यार्थिनी, नववीत नापास झालेली. अजून "बाई" म्हणते. वसुधा माझे ऐकत नाही, पण माधुरीने "बाई, तोंड उघडा" म्हटले की औषध घेते. स्वरदाने माधुरीला शक्य तितके दिवस कामावर ठेवावे.

कलम ७. मी गेल्याचे वसुधाला एकदाच सांगावे, आणि ते स्वरदाने सांगावे. नंतर ती "हे कुठेत?" म्हणून विचारील. दर वेळी खरे सांगितले तर दर वेळी तिचा नवरा नव्याने मरेल. खोटे सांगितले तर ती दाराकडे बघत बसेल. काय सांगावे हे लिहिण्यासाठी तीन दिवस या ओळीवर थांबलो. मला सुचलेले नाही. स्वरदा, ते तुझ्यावर टाकून जातो आहे, याबद्दल क्षमा कर.

एक नोंद. सह्या होत असताना वसुधा आतून आली. एवढी माणसे व कागद बघून तिने विचारले, "कोण गेलं?"

मी म्हटले, "कोणी नाही. सह्या चालल्यात."

"मग मीही करते," म्हणाली, आणि माझ्या हातातले पेन घेतले. जिला मिळकतीतून काही मिळायचे आहे तिने साक्षीदार होऊ नये, हे मला ठाऊक आहे. पण पेन परत मागवेना. समासात डावीकडे "वसुधा दत्तात्रय खांबेटे" अशी जी सही आहे ती तिची, लग्नाआधीच्या नावाची. ती साक्ष म्हणून धरू नये. खोडूही नये.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली.

(सही) नंदकुमार यशवंत आठल्ये

साक्षीदार:
१. (सही) डॉ. तेजल मधुकर पेडणेकर, मुलुंड पश्चिम
२. (सही) सुयोग दशरथ सावंत, शेजारी, नाहूर

स्थळ: नाहूर, मुंबई
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५