पाणीकाका आणि खालची गल्ली

१२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाटक चाललं! तिन्ही प्रयोग हाउसफुल्ल. हवा तापतेय, पाऊस बिथरलाय, यावर भाषण ठोकलं की लोक जांभया देतात. म्हटलं, हसवून सांगावं. रागावू नकोस, पण नायक तूच आहेस. नदीची पातळी मोजणारे पाणीकाका! तुझं वाक्यावाक्याआधी खाकरणं, सायकलवर भोंगा घेऊन फिरणं, सगळं जसंच्या तसं उचललंय. काका नुसते खाकरले तरी टाळ्या पडतात. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे प्रयोग आहे. वहिनीला घेऊन ये, पहिली रांग तुमची.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

१९ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

नाटक पाहिलं. वहिनीची हसून हसून पुरेवाट झाली. तो नट माझ्यापेक्षा बरा खाकरतो. शेवटी रंगमंचावर पाणी चढतं तो प्रसंग मला आवडला, पण तोवर लोक असे सुटले होते की पाण्यालाही हसले. आता मी रस्त्याने निघालो की दुकानादुकानांतून खाकरणं ऐकू येतं. खालच्या गल्लीतला शिंपी तर कात्री ठेवून सलाम ठोकतो. चालायचंच.

काळजी वेगळीच आहे. एरवी ऑगस्टअखेर असतं तेवढं पाणी यंदा जुलैतच पट्टीवर दिसतंय. बत्तीस वर्षांत असं पाहिलं नाही. वरच्या कचेरीला दोनदा कळवलंय.

वेळेवर जेवत जा.
दादा

६ ऑगस्ट

चि. धाकटीस,

आम्ही दोघं सुखरूप आहोत. मुक्काम शाळेत आहे.

मंगळवारी सकाळी दहाला आकडा पाहिला आणि भोंगा घेऊन खालच्या गल्लीत गेलो. घरं सोडा म्हणालो. लोकांनी खाकरून उत्तर दिलं. कुणी खुर्ची आणून दिली, दुसरा अंक कधी म्हणून विचारलं. शिंप्याने मशीन थांबवून टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले, तसा हशा वाढला. अडीचला बांध फुटला. बहुतेक सगळे गच्च्यांवर चढले. शिंप्याची बायको गिऱ्हाइकांचे कपडे आणायला परत आत गेली, ती आलीच नाही.

तुला दुसऱ्याकडून कळू नये, एवढ्यासाठी लिहिलं.
दादा

१० ऑगस्ट

ती. दादास,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. सगळे प्रयोग रद्द केलेत. लोकांनी ऐकावं म्हणून नाटक लिहिलं, आणि ज्याचं ऐकायला हवं होतं त्याच माणसाचं मी हसं केलं. तालमीत दिग्दर्शक म्हणाले होते, काकांना इतकं विदूषक करू नका. मीच हटून बसले, हशा जाईल म्हणाले. दादा, तू रागाव तरी. शिंपीदादांना भेटायला येऊ का? नाटक कायमचं बंद करू?

तुझी म्हणवून घेऊ का, तेही सांग.
धाकटी

२१ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रागावून पाहिलं, जमलं नाही. लोक पाण्याला हसले तेव्हाच मला खटकलं होतं. प्रयोग संपल्यावर तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण उभ्या जन्मात पहिल्यांदाच माझ्यासाठी टाळ्या पडत होत्या.

तुझं पत्र शिंप्याला वाचून दाखवलं. त्याने ते घडी करून परत दिलं. मग म्हणाला, नाटकाला ती शेजारी बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. लग्नानंतर तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. ताईंना सांगा, नाटक बंद करू नका. फक्त आमच्याकडे आणू नका. आणि इतक्यात भेटायलाही येऊ नका, म्हणाला.

तू आमचीच आहेस.
दादा