बोट ठेवून वाचायचं

५ फेब्रुवारी, सोमवार

आता हा एक नवा उद्योग! भिंगरीच्या शाळेने घरी तक्ता पाठवलाय. रोज वीस मिनिटं घरच्यांनी मुलाबरोबर मोठ्याने वाचायचं आणि चौकोनात पालकाने सही करायची. महिनाभर. सोबत बाईंची चिठ्ठी — मुलाने प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवायचं, बोटाच्या पुढे कुणी पळायचं नाही, अंदाजपंचे वाचायचं नाही. म्हणजे आमचीही शाळा सुरू.

दिवसभर दवाखान्याच्या औषध-खिडकीत उभी राहून मी दुसरं काय करते? डॉक्टरांच्या चिठ्ठ्याच वाचते. अक्षरं कसली, कोंबडीचे पाय! अठरा वर्षं वाचतेय, आजवर एक बाटली चुकीची गेलेली नाही. आता घरी येऊन पुन्हा वाचन. भिंगरीने तक्ता पिठाच्या खळीने भिंतीला चिकटवला आणि अर्धी भिंत माखून ठेवली. सही करायचं पेन दोऱ्याने खिळ्याला बांधलंय, पळून जाऊ नये म्हणून.

६ फेब्रुवारी

पहिलं वाचन. गोगलगाईचं पुस्तक. भिंगरी सात वर्षांची झाली तरी जोडाक्षर आलं की गाडी पंक्चर. "गोगलगाय र... रस... रस त..." खाटेवरून बाबा ओरडले, "पुढे चला, पुढे चला! आत जागा आहे!" बाबा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, ती सवय जात नाही. मोतीबिंदूमुळे छापील अक्षर दिसत नाही, पण ऐकायची हौस दांडगी. हे ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर. तेव्हा श्रोते काय ते बाबाच.

पान संपल्यावर भिंगरी नाचायला लागली — "आजोबा, मी वाचले! मी वाचले!"

"कशातून गं? बुडत होतीस की काय?"

मी समजावलं, मी वाचलं असं म्हणायचं. वाचले म्हणजे जीव वाचला. तिला काही पटलं नाही. "दोन्ही एकच असतं," म्हणाली. बाबांचं पोट हलेपर्यंत हसून झालं. पहिली सही केली. खरं सांगायचं तर मजा आली.

८ फेब्रुवारी

दुपारी खिडकीत उभी असताना डोक्यात कळ आली. मागे, डावीकडे. अशी कधी आली नव्हती. काउंटर धरून उभी राहिले. केसपेपरवालीने पाणी आणून दिलं, "घरी जा," म्हणाली. समोर एवढी रांग, कशी जाणार? थोड्या वेळात कळ गेली.

येताना दवाखान्याच्या दाराला उजवा खांदा आपटला. घरी आल्यावर आमच्या दाराला पुन्हा तोच खांदा. आंधळी झालीस का, असं स्वतःलाच म्हटलं. आज वाचनाला सुट्टी. भिंगरी फुगून बसली आहे.

९ फेब्रुवारी

काहीतरी झालंय.

कालच्या कळेमुळे आज रजा घेऊन घरीच होते. संध्याकाळी पुस्तक उघडलं. कालच्या सुट्टीची भरपाई म्हणून आज दोन पानं तू वाचायची, असा भिंगरीचा हुकूम. अक्षरं दिसत होती, अगदी स्वच्छ. पण कळत नव्हती! एकही नाही. डोळे चोळले. पुन्हा बघितलं. ती सात वर्षांची पोर बोट ठेवून बसलेली, बाबा कान लावून बसलेले. मग मी चित्र बघून सांगायला लागले. गोगलगाय चिंचेखाली गेली, तिथे तिला बेडूक भेटला...

"आई, इथे चिंच नाहीये."

"आहे गं."

"नाहीये. च कुठेय? दाखव ना. माझं बोट बघ कुठे आहे."

म्हटलं, चष्मा कुठे ठेवला कोण जाणे, त्याच्याशिवाय नीट दिसत नाही. भिंगरी खिदळली — "नाकावर आहे, नाकावर!"

बाबा हसले नाहीत.

१० फेब्रुवारी, शनिवार

काल इथे काय लिहिलं ते बघायला पान मागे उलटलं. अक्षर माझंच आहे, वळणावरून ओळखते. काय लिहिलंय ते मात्र वाचता येत नाही!

मग घाबरून लिहूनच बघितलं. माझं नाव लिहिलं. पत्ता लिहिला. वीस औषधांची नावं लिहिली. हात झरझर चालतो, कुठे अडत नाही. आणि लिहून झालं, नजर मागे नेली, की नुसत्या मुंग्या. आताही हे वाक्य लिहितेय आणि त्याची सुरुवात मला वाचता येत नाहीये. लिहिता येतं पण वाचता येत नाही, असं कुणाचं कधी ऐकलंय का? आकडे तेवढे ओळखू येतात. सांगितलं तर लोक म्हणतील, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. झालाच असेल. मला फार भीती वाटते आहे.

१२ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारीही रजाच काढली. रविवारी झोप काढली की उतरेल असं वाटलं होतं. कसलं काय.

खिडकी उघडली. पहिली चिठ्ठी हातात आली. नुसत्या मुंग्या. मागे तीस माणसं. रिकामी उभी कशी राहणार, म्हणून भिंगरीसारखं अक्षरावर बोट ठेवलं, आणि बोट आपोआप अक्षर गिरवायला लागलं. आणि कळलं! डोळ्याला जे कळत नाही ते बोटाला कळतं. क गिरवला की क. मग पुढचं अक्षर. चिठ्ठी गिरवली, बाटलीवरचं नाव गिरवलं, दोन्ही जुळलं, मगच बाटली दिली. देवा!

पण वेळ किती जातो. एक म्हातारा खेकसला, "बाई, औषध देताय की बाराखडी गिरवताय?" सगळी रांग हसली. मीही हसले. हसण्यावारी नेलं की लोक जास्त बघत नाहीत.

१३ फेब्रुवारी

शहाण्णव चिठ्ठ्या. सगळ्या बोटाने. चूक एकही नाही. बोटाचं टोक बधिर झालंय.

१४ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी हे लावलं, ते लावलं, दिवा मारला. म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. उजवीकडचं तुम्हाला दिसत नाहीये, आणि ते डोळ्यांमुळे नाही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. आज. उद्या नाही." चिठ्ठी लिहून दिली.

चिठ्ठी पर्समध्ये आहे. गेले नाही. गेले की पहिल्यांदा खिडकी जाणार. वाचता न येणारी औषध देणारी — ऐकायलाच कसं वाटतं! माहेरच्या सगळ्या खटल्यात शिकलेली मी एकटी. दवाखान्यात नवीन डॉक्टर आला की त्याला सांगतात, औषधांचं काही अडलं तर खिडकीतल्या बाईंना विचारा. उद्या काय सांगणार? आणि अगदी मनातलं सांगायचं तर नोकरीपेक्षा ते मशीनमध्ये घालून डोक्याचा फोटो काढतील त्याची भीती जास्त. दाखवलं नाही तोवर काही झालेलं नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आता मी रोज म्हणते, तू वाच, मी ऐकते. मोठी माणसं ऐकण्यात हुशार असतात. पोरीला तेवढंच हवं होतं. वाचतेय, अडतेय, बाबांचं "पुढे चला" ऐकून चिडतेय, पण वाचतेय! आठवड्यात केवढी सुधारली. आता तर समोर येईल ते वाचते. डब्यावरचं, पिशवीवरचं, जिन्यात कुणी खरडलेलं. एक वाईट शब्दसुद्धा वाचला आणि अर्थ विचारला. बाबांना ठसका लागला.

बाईंनी वहीत शेरा दिलाय. तो मला कोण वाचून दाखवणार? तिनेच. "घ-री अ-सं-च चा-लू ठे-वा. छा-न प्... प्र... प्र-ग-ती!" लाजून लाजून लाल झाली. मी तिला जवळ घेतलं, तिच्या केसांत तोंड लपवलं आणि रडून घेतलं. तिला वाटलं, कौतुकाने रडतेय. तेही खोटं नव्हतं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

भिंगरी खाली खेळायला गेली आणि बाबांनी हाक मारली. बस म्हणाले. बसले.

"माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. आठ दिवस झाले, तू एक ओळ वाचलेली नाहीस. काय होतंय?"

सगळं सांगितलं. डोकं, खांदा, मुंग्या, बोट, पर्समधली चिठ्ठी. कुणाला तरी सांगितल्यावर अंगावरचं ओझं उतरलं. बाबा म्हणाले, "एकदा आमच्या गाडीचा ब्रेक नीट लागत नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, जपून नेतो. मी बेल दिली नाही. भर आगारात भांडण झालं, पण नाही दिली."

"मी जपूनच करते, बाबा. प्रत्येक बाटली दोनदा गिरवते."

"तो पण जपूनच नेणार होता."

गुरुवारी दवाखान्यात साठ्याची तपासणी आहे, माझ्याशिवाय ते कुणाला जमणार नाही. ती झाली की शुक्रवारी जाते, म्हटलं. त्यांनी हात पुढे केला आणि शब्द घेतला. "शुक्रवारी नाही गेलीस तर मी तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन करणार. नंबर फिरवायला मला डोळे लागत नाहीत." करतीलही! म्हातारा हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

बाबांना सर्दी. नाक चोंदलंय, वास नाही, चव नाही, आणि खोकल्याने जीव हैराण. तरी भिंगरी अडली की दोन खोकल्यांच्या मधून "पुढे चला" चालूच.

दवाखान्यात तपासणीची धांदल. भांडारवाला माणसं लावून कपाटं पुसून घेतोय, बाटल्या काढतोय, ठेवतोय. मला त्याचा त्रास नाही. मी गिरवल्याशिवाय काही देतच नाही.

२० फेब्रुवारी

आज एकशे चार. बोट उचलवत नाही. खिडकी बंद करून निघाले आणि आठवलं, बाबांच्या खोकल्याचं औषध न्यायचंय, सकाळीच डॉक्टरांकडून चिठ्ठी करून घेतली होती. दिवे बंद होत होते. परत आत गेले. दुसरा कप्पा, डावीकडून तिसरी बाटली. अठरा वर्षं तिथून उचलतेय, झोपेतही हात जाईल. घरचंच तर औषध, गिरवत कुठे बसू? पिशवीत टाकली आणि धावत बस पकडली.

बाबांना सांगून ठेवलंय — उद्या सकाळी दोन चमचे, दुपारी दोन चमचे. ओट्यावर बाटली, शेजारी चमचा. चाचपून घेता येईल असं ठेवलंय.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आज लवकर सुटले. बाबा झोपलेत. सकाळी औषध घेऊन घसा जळतो म्हणाले, तेव्हा मी दारातच होते. म्हटलं, औषध तिखट असल्याशिवाय खोकला जात नाही, दुपारचंही चुकवू नका. त्यांनी सलाम ठोकला. दुपारी घेतलेलं दिसतंय, चमचा धुऊन पालथा ठेवलाय. भिंगरी म्हणते, मी शाळेतून आले तेव्हापासून आजोबा झोपलेत, खोकतसुद्धा नाहीत. बरं झालं, लागू पडलं म्हणायचं. चार दिवसांत धड झोप नव्हती त्यांना.

उद्या तपासणी. परवा शुक्रवार. चिठ्ठी पर्समधून काढून वरच्या खणात ठेवली. जाणार आहे. आता भीती पण कमी वाटते. भिंगरीला म्हटलं, आज हळू वाच, आजोबांना उठवू नकोस.

२१ फेब्रुवारी, पुन्हा

रुग्णवाहिका तिकडून निघाली आहे, अजून पोचायची आहे. काय करू कळत नाही म्हणून लिहितेय, एवढं एकच येतंय. बाबा हलवून उठत नाहीत. उशी ओकारीने भिजली आहे, श्वास मधेच थांबतोय. फोनवरच्या माणसाने विचारलं, काय दिलं होतं? खोकल्याचं औषध, म्हटलं. तो म्हणाला, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. बोट इतकं थरथरत होतं की एक अक्षर गिरवता येईना. मला वाचता येत नाही, म्हटलं. ओरडूनच म्हटलं. आणि बाटली भिंगरीच्या हातात दिली.

तिने बोट ठेवलं आणि एका दमात वाचलं — "फक्त चोळण्यासाठी. पोटात घेऊ नये." दोन्ही जोडाक्षरं, कुठेही न अडता. मग मान वर करून, हसत, माझ्या शाबासकीची वाट बघत उभी राहिली.