पायाखालचा खळगा

रविवार, ५ जानेवारी २०२५. अकोला

घरालगतच्या स्टुडिओतल्या डार्करूमचं कुलूप आज उघडलं. दादा गेल्यापासून खोली बंद, तरी आत तोच औषधांचा वास. वाटलं, आत्ताच चहाला बाहेर गेलाय!

दोन फेब्रुवारीला त्याचं पहिलं पुण्यस्मरण. ठेवायला फोटो नाही. सगळ्या अकोल्याचे फोटो काढले माझ्या भावानं, स्वतः कॅमेऱ्यापुढे कधी उभा राहिला नाही. लग्न केलं नाही, म्हणजे लग्नाचाही नाही. आधारकार्डावरचा मोठा करून आणला, तर आईनं तो पालथा ठेवला. "हे माह्या पोराचं तोंड नाही होय." आधारकार्डावर कुणाचं तोंड स्वतःचं असतं!

ड्रॉवरमध्ये एक जुनं पाकीट सापडलं. वर दादाच्या अक्षरात एकच शब्द – घरचा. आत एक निगेटिव्ह. स्टुडिओतल्या स्टुलावर बसलेला माणूस, मागे उघडी खिडकी. अंगात गिऱ्हाइकांसाठी टांगलेला काळा कोट. हिवाळाभर दादाच तो घालून बसायचा. दादाच हा! आईला सांगितलं. तिनं हार कसला आणायचा ते लगेच ठरवलं.

रविवार, १२ जानेवारी. अकोला

पहिला कागद वाया. खिडकी लख्ख, चेहरा काळाठिक्कर.

उजेड जास्त पडेल तिथे कागद काळा होतो. चेहरा उजळायचा तर कागदावर उजेड पडत असताना हातांची सावली त्यावर धरून हलवत राहायचं. दोन्ही हात अडकतात. म्हणून दादानं टायमरला पायाचा स्विच जोडला होता. पायानं दाबलं की टक – निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर टाकणाऱ्या एन्लार्जरचा दिवा लागतो, वेळ भरली की आपोआप विझतो. लहानपणी त्याच्या शेजारी उभा राहून हे सगळं मी बघितलंय.

आत तो चपला काढून काम करायचा. स्विचच्या रबरावर त्याच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात नीट बसत नाही, दादाचा रुंद होता.

आणि रबर कोमट होतं. फरशी गारढोण, रबर कोमट! कुणीतरी आत्ताच पाय उचलावा तसं. मी घाबरलो, खोटं कशाला लिहू.

बाहेर आलो. आईनं टक ऐकलं असणार. म्हणाली, "धर्मपाल लागला का कामाले?" मग तिचं तिलाच कळलं आणि ती भाजी निवडत बसली.

मंगळवार, १४ जानेवारी. अमरावती

नांदगाव पेठला मिलमध्ये ड्यूटीवर दिवसभर मशीनचा गोंगाट. त्यातही टक ऐकू आलं. दोनदा मागे वळून बघितलं.

रविवार, १९ जानेवारी. अकोला

सावली एका जागी धरली तर चेहऱ्याभोवती पांढरं कडं उमटतं. दादा अगदी बुवाबाबा दिसायला लागला! त्याला हे बघून केवढं हसू आलं असतं.

बाजूचा झेरॉक्सवाला योगेश म्हणाला, निगेटिव्ह द्या, कॉम्प्युटरवर चेहरा उजळून देतो. उगाच त्याच्यावर खेकसलो. दादाचा फोटो दादाच्या खोलीतच निघाला पाहिजे. रबर आजही कोमट.

रविवार, २६ जानेवारी. अकोला

जमलं!

आज खळग्यात पाय ठेवलाच नाही. कडेला ठेवला, पूर्वी त्याच्या शेजारी उभा राहायचो तसा. टक. हात आपोआप हलत राहिले. मग लाल दिव्यात, औषधाच्या पाण्यात, चेहरा हळूहळू वर आला. आलास, म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. आणि रडलो.

पण तोंड थोडं परकं वाटतंय. दादाची नजर अशी होती का? वर्षभरात भावाचं तोंड विसरायला लागलो की काय! या विचारानं जेवण गेलं नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी. अकोला

आईनं फ्रेम दोन्ही हातांत धरली. खूप वेळ बघत राहिली.

"हा धर्मपाल नाही होय."

मी चिडलो. आता दुसरा कुठून आणू, म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "हा त तू हायेस, संघपाल."

डार्करूममध्ये गेलो. निगेटिव्ह मुद्दाम पालथी घातली, म्हणजे डावं-उजवं उलटं येईल, आणि कागद काढला. पाण्यात मी वर आलो – रोज दाढी करताना आरशात दिसतो तसा. बाकीच्यांना मी जसा दिसतो, तसा मी मला कधी बघितलाच नव्हता. दिव्याचा उजेड कसा पडतो ते बघायला दादा मला त्या स्टुलावर बसवायचा. थंडी वाजते म्हटलं की तो कोट द्यायचा.

घरचा म्हणजे मी. हार बादलीत भिजत ठेवलाय. माझ्याच गळ्यात घालणार होतो. दादाचा फोटो नाही तो नाहीच.

रविवार, २ फेब्रुवारी. अकोला

वंदना झाली. मूर्तीच्या बाजूच्या तिपाईवर, फोटोच्या जागी, आईनं तो स्विच पुसून ठेवायला लावला. पायाची वस्तू, लोक काय म्हणतील, असं मी म्हणालो. तिनं रबरावरच्या खळग्यात बोटं ठेवली. "हा त्याचा," म्हणाली.

मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "कोमट हाये रे."

मी तिला ते कधीच सांगितलं नव्हतं.