कोठीतला कॉम्प्युटर आणि रविवारचा टेम्पो

॥ श्री ॥

वलवण, सोमवार
(श्रावणातला. उपास आहे, तेव्हा भाषा कुठे कडक वाटली तर दोष भगरीला द्यावा.)

कामशेतच्या गं. भा. रतनबाई विहीणबाईंना वलवणच्या शालूबाईचा नमस्कार. साष्टांग नाही, कारण गुडघे वाकत नाहीत. उभ्याउभ्याच, पण दोन्ही हात जोडून. विनंती विशेष काही नाही. तक्रार मात्र विशेष आहे.

तुमची साखर आटोक्यात असेल. तुमची सारिका म्हणत होती, तुम्ही सकाळी कारल्याचा रस घेता आणि दुपारी कुणाचं लक्ष नसताना चिक्की खाता. खा. (ती चिक्की लोणावळ्याहून मीच पाठवली होती, त्यामुळे अर्धं पाप माझ्याकडे.) माझी तब्येत उत्तम आहे. हे वाक्य मी पेन दाबून लिहिलंय, कारण तळेगावच्या बारशात तुम्ही चार बायकांत म्हणालात म्हणे, की शालूबाईंनी आता हट्ट सोडावा, लेकाकडे जाऊन सुखाने राहावं, या वयात एकटीला झेपत नाही. विहीणबाई, त्या चार बायकांत आमच्या शेजारची चिमाबाई होती आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुमचं म्हणणं एस.टी.तून उतरल्या उतरल्या माझ्या ओट्यावर पोचलं. तेव्हा मला काय झेपतं नि काय नाही हे तुम्हाला सविस्तर कळवावं म्हणून हे पत्र. फोन केला नाही, कारण तुमच्याकडे फोन स्पीकरवर टाकून अख्खं घर ऐकतं.

मूळ भांडण तुम्हाला माहीत आहे. गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीत घसरले आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर गळ्यात अडकवून मी सुहासला फोनवर सांगत होते की सगळं ठीक आहे, आत्ताच भाकरी थापली. तो गणपतीला आला तेव्हा त्याला प्लास्टर दिसलं. (खोटं बोलले ते बोलले. भाकरी थापली होती, एका हाताने. गोल नव्हती.) तेव्हापासून माझ्या आवाजावर त्याचा विश्वास उडाला. चिंचवडहून त्याने आपला जुना कॉम्प्युटर आणून पुढच्या खोलीत मांडला, वर कॅमेरा बसवला आणि फर्मान काढलं, की दर रविवारी संध्याकाळी आई डोक्यापासून पायापर्यंत दिसली पाहिजे. ज्या रविवारी दिसणार नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तो टेम्पो घेऊन येणार आणि मला भांड्याकुंड्यांसकट फ्लॅटवर नेणार. आमच्या घरात मला राहायला मिळेल की नाही, हे आता त्या काळ्या डब्यावर येऊन ठेपलं होतं.

आणि कालच्या आधीच्या रविवारी डबा रुसला. बटण दाबलं. आत पंखा घरघरला, दिवा लागला, पण पडदा काळाठिक्कर. आणि आतून लांबलचक शिट्टी. मग आणखी एक. तिसरी झाल्यावर मी सवयीने उठून गॅस बंद केला. गॅसवर काही नव्हतंच. बंद करून परत लावलं, पुन्हा तेच. तिकडे सुहास खोळंबला असणार म्हणून बटणाच्या फोनवरून कळवलं की लाईट गेलीये. तो म्हणाला, बरं. पण त्या बरंमध्ये टेम्पोचं इंजिन मला स्पष्ट ऐकू आलं. पुढच्या रविवारी दिसली नाहीस तर येतोच, म्हणाला.

पहिल्यांदा आले आमचे नथू भाऊजी. म्हणजे यांचे धाकटे भाऊ, रेल्वेतून रिटायर झालेले. उभा जन्म घाटातल्या गाड्यांना मागून इंजिन लावण्यात गेला, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण त्यांना चढच वाटते. डब्याभोवती त्यांनी एक प्रदक्षिणा घातली, कान लावला आणि म्हणाले, "वैनी, ह्याला जोर कमी पडतोय. घाट चढायचा म्हंजी मागनं लावायलाच लागतंय."

मागून लावायला दुसरा कॉम्प्युटर नव्हता. तेव्हा त्यांनी घरातला बाकीचा सगळा करंट त्याला द्यायचं ठरवलं. फ्रीज बंद, मिक्सरचं बटण बंद (तो चालू नव्हताच), देवघरातला लाल बल्बसुद्धा बंद. देव अंधारात आणि डबा शिट्ट्या मारतोय. मग डब्याच्या पाठीत एक धपाटा घातला. शिट्टी थांबली नाही, फ्रीजमधलं दूध मात्र नासलं. त्याचा कलाकंद केला, भाऊजी दोन वाट्या खाऊन गेले.

दुसऱ्या दिवशी डबा चादरीत गुंडाळून रिक्षाने लोणावळ्याच्या बाजारात नेला. पावसाळ्यातला लोणावळा तुम्हाला सांगायला नको. पर्यटकांच्या गाड्यांतून रिक्षा मुंगीच्या पावलाने चाललेली आणि मांडीवर हे ओझं. रिक्षावाल्याने विचारलं, मावशी, बाळ झोपलंय का? मी म्हटलं, झोपलंय, तीच तर पंचाईत आहे. दुकानदाराने चादर काढली आणि हसायला लागला, कारण मी दसऱ्याला वाहिलेलं हळदीकुंकू डब्यावर तसंच होतं. मी त्याच्या दाराला टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे नुसती नजर टाकली. मग तो हसायचा थांबला. पण पुढे म्हणाला, जुनं मशीन आहे, यात काही राहिलं नाही, नवीनच घ्या, सुहास माझ्या ओळखीचा आहे, आत्ताच फोन लावून विचारतो. सुहासला कळलं, की टेम्पो निघालाच. त्याने फोन कानाला लावायच्या आत मी डबा चादरीसकट उचलला आणि बाहेर पडले. मनगट चांगलं जुळलंय, याची खात्री मला त्याच दिवशी पटली.

मग चिमाबाईने उपाय सांगितला. ती म्हणाली, "आमच्या आकाशचा मोबाईल खाचरात पडलता. तांदळात पुरला नि लगीच बोलाय लागला. ह्यो बी बोलंल." मी म्हटलं, बाई, हा बोलतोच आहे, गप्प कसा बसेल ते सांग. पण मनात पटलं. आपल्याकडे श्रावणात पापड मऊ पडतात, मीठ पाझरतं, चपलांना बुरशी येते. कॉम्प्युटर काय आभाळातून पडलाय? आणि ओल शोषायला इंद्रायणी तांदळाहून चांगलं मावळात दुसरं आहे काय? डबा सरळ तांदळाच्या पत्र्याच्या कोठीत घातला आणि वरून चार पायल्या लोटल्या. एक गोष्ट विसरले. पोरकिडा लागू नये म्हणून त्या तांदळाला मी बोरिक पावडर चोळून ठेवली होती.

बाहेर काढला तेव्हा डबा भस्म फासलेल्या गोसाव्यासारखा पांढराफटक होता. आतले तांदूळ काढावेत म्हणून उलटा केला, तिरका केला, सुपासारखा पाखडला. एकदाचे संपले असं वाटलं म्हणून भाऊजींना मागे बसवून बटण दाबलं. आत पंखा फिरला, आणि मागच्या जाळीतून तांदळाचा असा फवारा उडाला की भाऊजींच्या टकलावर अक्षताच पडल्या. चिमाबाई दारात उभी होती, तिने सवयीने हात वर करून "सावधान" म्हटलं. शिट्टी होतीच, ती आता सनईच्या जागी शोभली. मला मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातल्या मांडणीकडे बघितलं आणि टेम्पोत आधी काय चढवतील, असा विचार मनात आला. फार राग आला, विहीणबाई. डब्याचा नाही. विचार आला याचाच.

आता पुढचं वाचायच्या आधी जरा बसून घ्या. शेवटी मला वाचवलं ते तुमच्या लेकीने. सारिकाचा दुपारी ऑफिसातून फोन आला. मागे काय वाजतंय, म्हणाली. मी म्हटलं, कुकर. ती म्हणाली, इतक्या शिट्ट्यांत तर दगडही शिजला असता. मग सगळं सांगितलं. तांदळाचं ऐकताना ती तोंडावर हात दाबून होती, हे मला कळलं. मग म्हणाली, "आई, यांना नाही सांगत मी. आधी वायर काढा, मग बाजूचं झाकण उघडा." फोन स्पीकरवर टाकून, चष्मा नाकावर ठेवून मी तिच्या तोंडच्या सूचनेप्रमाणे आतली एक हिरवी पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून उपसली. रॅम म्हणतात तिला. तिच्या कडेला सोनेरी दात असतात आणि दमट हवेने त्यांच्यावर किटण चढतं. साध्या खोडरबरने ते दात घासायचे आणि पट्टी कट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. एवढंच. तांब्याचा बंब चिंचेने घासणाऱ्या बाईला हे कुणी आधी सांगितलं असतं तर दूध वाचलं असतं. (पट्टीच्या खाचेत तांदळाचा एक दाणा निघाला, तो मी देवापुढे ठेवला.)

तुम्ही म्हणाल, सासू घरात यायला नको म्हणून सारिकाने मदत केली. म्हणा. मलाही तिथे जायला नकोच आहे. सासूसुनेचं इतकं एकमत तुम्ही दुसऱ्या कुठल्या घरात बघितलंय का?

बटण दाबलं, एकच छोटी टुक झाली आणि पडद्यावर अक्षरं आली. तरी नखरा संपला नव्हता. आतला रुपयाएवढा सेल संपला होता, त्यामुळे डब्याला वार-तारखेची शुद्ध नव्हती. त्याच्या मते २०१४ सालचा जानेवारी चालू होता. सारिका म्हणाली, तारीख बदलल्याशिवाय व्हिडिओ लागणार नाही. मी माऊस हातात घेतला आणि तशीच बसून राहिले. त्या जानेवारीत हे होते, विहीणबाई. ओट्यावर उन्हात बसून शेंगा फोडत असतील आणि टरफलं तिथेच टाकत असतील. मला त्यांची फार आठवण आली. मग सेल आणायला घड्याळवाल्याकडे गेले, तो बसवला आणि तारीख आपल्या हाताने पुढे आणली.

काल संध्याकाळी इरकली नेसून कॅमेऱ्यासमोर बसले. पायाशी, दिसणार नाहीत असे, नथू भाऊजी प्लग धरून बसले होते, कारण तो सैल आहे. सुहास दिसला. त्याने मला उभं राहायला लावलं, हात वर करायला लावले, मनगट फिरवून बघितलं. मग म्हणाला, आई, केसांत तांदूळ कसले? मी म्हटलं, एका लग्नाला गेले होते. श्रावणात लग्न असतं का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. हल्लीच्या पोरांना महिने कळत नाहीत, हा त्यांचा एक मोठा गुण आहे. मग तो म्हणाला, ठीक आहे, टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवतो. म्हणजे सांगून ठेवलाच होता! तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

मी म्हटलं, "सुहास, बघावंसं वाटलं तर बघायला ये. न्यायला येऊ नको."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं डबा पुन्हा अडकला, भाऊजींनी प्लग आणखी आत दाबला. मग सुहास म्हणाला, "श्रावण सुटला की येतो. काळं मटण कर."

तर असं आहे. हट्ट सोडलेला नाही, सोडणार नाही. आता कुणी चार बायकांत विषय काढलाच, तर सांगा की शालूबाईला झाकण उघडून रॅम बसवता येते. तुमच्या तळेगावच्या बायकांपैकी किती जणींना येते तेही विचारा. घरच्या सगळ्यांना यथायोग्य, आणि साखरेची गोळी विसरू नका.

तुमची हट्टी विहीण,
शालूबाई

ता. क. – यातलं एक अक्षर सुहासच्या कानावर जाता कामा नये. सारिकाचं नाव तर मुळीच नाही. पत्र चिमाबाईबरोबर पाठवते आहे, कामशेतच्या बाजाराला निघालीच आहे. पाकीट भाताने चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर तिला चहा देऊ नका.

दुसरा ता. क. – सोबत पायलीभर इंद्रायणी पाठवली आहे. चार पाण्याने धुऊन घ्या. का, ते वर लिहिलंच आहे.

शेवटचा ता. क. – आठवडाभर त्या डब्यावर मी काय करते, असं सुहासने विचारलं होतं. मी सांगितलं, बातम्या वाचते. खरं म्हणजे पत्ते खेळते. एकटीनेच खेळायचा डाव असतो त्यात. जिंकलं की सगळे पत्ते उड्या मारत खाली पडतात, बघण्यासारखं असतं, पण बघायला कुणी नसतं. मेंढीकोटाला चौघं लागतात. नथू भाऊजी आहेत, चिमाबाई आहे, मी आहे. तुम्ही हट्ट सोडलात, पवनेकडचं आपलं घर बंद करून कामशेतला मुलाच्या फ्लॅटवर आलात, आणि सारिका परवा म्हणाली, तुम्ही दुपारभर गॅलरीत त्याच दिशेला खुर्ची लावून बसता. तेव्हा महिन्याभराची लुगडी घ्या, गोळ्या घ्या आणि चिमाबाईबरोबरच निघून या. मुलाला सांगायचं राहिलं तर राहू द्या. रविवारी आपण दोघी त्या कॅमेऱ्यासमोर मांडीला मांडी लावून बसू, मग बघू कोण कोण टेम्पो पाठवतो ते.